हलगी थंड होईपर्यंत

"नेमकं काय वाजवता तुम्ही?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता उत्तर देताना मी अडखळत नाही. क्लॅरिनेट वाजवते, पायपेटी वाजवते, की-बोर्ड वाजवते, हलगी वाजवते, आणि वेळ पडली तर पत्र्याची पाण्याची टाकीसुद्धा वाजवते. समोरचा हसतो. मग विचारतो, "म्हणजे ऑर्केस्ट्रा आहे का?" नाही. "मग भजनी मंडळ?" तेही नाही. मी माझं संगीत करते. ते गाणं नसतं, त्यात ठेका असेलच असं नाही, आणि ते ऐकून कुणी नाचत नाही. नगरमध्ये राहून असलं काही करणाऱ्या बाईला लोक आधी वेडी म्हणतात, मग पुण्याला जा म्हणतात. मी दोन्ही ऐकून घेतलं आणि इथेच राहिले.

माझं लहानपण श्रीगोंदा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या कॉलनीत गेलं. वडील टाइम ऑफिसात क्लार्क होते, आई जवळच्या वाडीवर अंगणवाडी चालवायची. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. कॉलनीच्या मागे आमच्या वस्तीचं छोटं विहार होतं आणि तिथली पेटी दादांच्या ताब्यात असायची. पौर्णिमेला वंदना झाली की ते पेटी पुढ्यात ओढायचे आणि जयंतीची गाणी म्हणायचे. आवाज बेताचा, पण बोटं स्वच्छ. मला त्यांनी शेजारी बसवून पट्ट्या दाखवल्या. भाता ते मारायचे, बोटं माझी असायची. मुलीनं पेटी शिकावी की नाही, असा प्रश्न त्यांना कधी पडलाच नाही. पुढे आमचं जे भांडण झालं ते सांगण्याआधी हे सांगायला हवं.

घरात एक गोष्ट मात्र चालत नव्हती. कॉलनीजवळून वरात निघाली आणि लांबून हलगी ऐकू आली, की दादा उठून खिडकी लावून घ्यायचे. भर उन्हाळ्यातसुद्धा. एकदा मी पातेल्याच्या झाकणावर वरातीचा ठेका धरला, तर ते जेवणावरून उठले, झाकण माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, "पेटीवर बस." आवाज चढवला नाही.

मी आईला विचारलं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तुजा आजा वाजवायचा. मंग त्यानं टाकून दिली. दादाम्होरं इचारू नगंस."

हायस्कूलला मी श्रीगोंद्याला जायचे. एसटी स्टँडकडे येताना वाटेत एका बँड पार्टीचं दुकान लागायचं. बाहेर टांगलेले लाल कोट, आत भिंतीला लावलेली पितळी वाद्यं, आणि गल्ल्यावर बसलेले मास्तर. मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे. त्यांची अडचण अशी होती की नवीन सिनेमाची गाणी लोक लग्नात मागायचे आणि मास्तरांना ती पटकन बसवता यायची नाहीत. कॅसेट लावायचे, मागे घ्यायचे, परत लावायचे, चिडायचे. मी एक दिवस दुकानाच्या पायरीवर उभी राहून म्हणाले, "मास्तर, अंतरा वरच्या सा पासून सुरू होतो. तुम्ही पंचमापासून धरताय."

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तू कुनाची गं?"

मी सांगितलं. त्यांनी कॅसेट माझ्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी मी गाण्याचे सूर वहीच्या पानावर उतरवून आणले. मोबदल्यात काय हवं, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी भिंतीवरच्या दुसऱ्या क्लॅरिनेटकडे बोट दाखवलं.

"ते पोरीबाळींचं काम न्हाई," मास्तर म्हणाले. "छाती लागती फुंकायला."

"मग गाणी तुमची तुम्ही उतरवा."

असा आमचा सौदा झाला. पहिले काही दिवस नुसती हवा यायची, मग बदक ओरडल्यासारखा आवाज, आणि एका संध्याकाळी अचानक सूर लागला, गोल आणि काळाभोर. कॉलनीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारच्या काकू आईला म्हणाल्या, "फुंकून फुंकून दात फुडं आले तर पोरीला कोन करनार?"

आई म्हणाली, "दात तिचे हायत. तुमच्या तोंडात न्हाईत."

दादांनी क्लॅरिनेटला हरकत घेतली नाही. फक्त एवढंच म्हणाले, "शिक. पण वरातीत जायचं नाही." तेव्हा मला ते मुलीच्या काळजीनं म्हणताहेत असं वाटलं.

मास्तरांच्या दुकानात मला एक गोष्ट सापडली आणि त्यावर मी आजही जगते. दुकानाच्या पत्र्याखाली दुपारी वाद्यं तापायची. दोन क्लॅरिनेट एकच सूर वाजवायला लागल्या की त्या नेमक्या जुळायच्या नाहीत, केसभर फरक राहायचा. आणि त्या केसभर फरकातून तिसरंच काहीतरी ऐकू यायचं. आवाज लाटेसारखा फुगायचा आणि ओसरायचा, हवेत काहीतरी थडथडायचं. मास्तर लगेच थांबायचे. "बेसूर झालं. तोंड काढ."

"मास्तर, धरून ठेवा ना."

"कशाला?"

"ऐकायचंय."

त्यांनी दम संपेपर्यंत धरून ठेवलं. मग खोकत खोकत म्हणाले, "यात काय ऐकतीस? चूक हाय ती." मला ती चूक वाटत नव्हती. ते दोन सुरांचं आपसातलं बोलणं होतं आणि ते थांबवायचं कशाला, हे मला कळत नव्हतं.

पुढे नगरला कॉलेज केलं, संगीताच्या क्लासला गेले, परीक्षा दिल्या. राग शिकले, मनापासून शिकले. क्लासच्या वार्षिक कार्यक्रमात स्वतःची रचना वाजवायची संधी मिळाली तेव्हा मी दोन पेट्या घेतल्या, एक जराशी उतरवलेली, आणि दोन्हींवर एकच सूर बराच वेळ धरून ठेवला. सर पहिल्या रांगेत बसले होते. कार्यक्रम संपल्यावर म्हणाले, "बाळ, हे सुरू कुठे होतं आणि संपतं कुठे?" वाईट हेतूनं नाही म्हणाले. पण त्यानंतर वार्षिक कार्यक्रमात मला साथीलाच बसवलं गेलं. मी क्लास सोडला.

पोटासाठी मी काय नाही केलं! शाळांची स्नेहसंमेलनं बसवली. हळदीच्या कार्यक्रमांना की-बोर्ड वाजवला. निवडणुका आल्या की रिक्षावरच्या प्रचाराची गाणी केली. एका वर्षी एकाच वॉर्डातल्या दोन उमेदवारांना मी एकच चाल दिली, फक्त एकाची ढोलकीवर आणि दुसऱ्याची ताशावर. दोघांनाही आवडली. दोन्ही रिक्षा एका चौकात समोरासमोर आल्या तेव्हा काय झालं असेल याची कल्पना करून मी आणि माझा साउंडवाला दिवसभर हसत होतो.

या साउंडवाल्याबद्दल सांगायला हवं. नगरच्या सावेडीत त्याचं गोडाऊन आहे, मंडप-साउंडचा धंदा. डीजेच्या भिंतीच्या भिंती लावतो. त्याला माझं संगीत अजिबात आवडायचं नाही आणि ते तो तोंडावर सांगायचा. पण माइक कुठं ठेवला तर काय ऐकू येतं, यात त्याला माझ्याइतकाच रस होता. बोअरच्या पाइपात माइक सोडायचा म्हटलं तरी तो "कशाला?" असं विचारत नाही. "किती खोल?" असं विचारतो. असा माणूस आयुष्यात एक मिळाला तरी पुरतो.

माझा पहिला स्वतंत्र कार्यक्रम आम्ही नगरच्या एका मंगल कार्यालयात केला. लग्नाची तिथी नसलेला दिवस, म्हणून हॉल स्वस्तात मिळाला. साउंडवाल्यानं बोर्डावर "संगीत संध्या" लिहून टाकलं. त्यामुळे जुनी गाणी ऐकायला मिळणार म्हणून बरेच लोक आले. मी क्लॅरिनेटवर एक सूर धरला, तो लूपरमध्ये घेतला. लूपर म्हणजे पायानं दाबायची एक पेटी. वाजवलेलं तेच तेच पुन्हा वाजवत राहते. त्यावर दुसरा सूर ठेवला, केसभर बाजूला. मग तिसरा. थोड्या वेळानं मधल्या रांगेतून एक आजोबा उभे राहिले. "ताई, गानं कवा सुरू व्हनार?"

मी क्लॅरिनेट तोंडातून काढली. "चालू हाय की, बाबा."

हॉल खळखळून हसला. मी परत तोंडाला लावली. लोक उठायला लागले, खुर्च्या सरकल्या, दारापाशी चपलांचा आवाज झाला. मी थांबले नाही. ठरवलं होतं तेवढं सगळं वाजवलं, एक श्वासही कमी केला नाही. शेवटी हॉलमध्ये साउंडवाला होता, झोप लागलेले एक गृहस्थ होते, आणि मांडीवर तान्हं मूल घेतलेली एक बाई होती. ती जवळ येऊन हळूच म्हणाली, "परत कधी हाय? पोरगं पहिल्यांदा रडलं न्हाई एवढा वेळ." मला टाळ्या मिळाल्या नाहीत, पण हे मिळालं. पुढच्या महिन्यात मी तोच हॉल परत घेतला. बोर्डावर या वेळी "संगीत संध्या" लिहू दिलं नाही.

हलगी माझ्याकडे आली ती नगर जिल्ह्यातल्याच बेलापूरहून. एका शाळेचं संमेलन बसवायला मी तिकडे गेले होते. दुपारी मोकळी होते म्हणून बाजारात हिंडत होते. एका कोपऱ्यात एक माणूस हलग्या विकत होता. उसाचं पाचट पेटवून त्यानं एक हलगी तापवली, दोन काड्यांनी दणकून वाजवून दाखवली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला वळला. मी ती उचलून सहज बोट मारलं. सूर खाली आला होता. जरा वेळानं परत मारलं. अजून खाली. तापलेलं चामडं थंड होत होतं, सैल पडत होतं, आणि सूर जिना उतरावा तसा नव्हे, तर घसरगुंडीवरून सावकाश यावा तसा उतरत होता. मी तिथेच उभी राहून ऐकत राहिले.

"घ्यायची का न्हाई, बाई?" तो म्हणाला. "का पुन्हा तापवू? तापली की बोलती ती."

"नको," मी म्हणाले. "थंड होतानाच बोलतेय."

त्यानं माझ्याकडे बघून मान हलवली, पण हलगी दिली.

तेव्हा मी सुट्टीच्या दिवशी वस्तीतल्या घरी जायचे. ती हलगी की-बोर्डच्या बॅगेत घालून नेली. ती लपवायची असं ठरवलं नव्हतं, पण बॅगेतच नेली हे खरं. संध्याकाळी मागच्या खोलीत बसून मी हळू बोट मारत होते. दादा दारात येऊन उभे राहिले. आता ते रिटायर होऊन कॉलनीतून मागच्या वस्तीत राहायला आले होते, केस पांढरे झाले होते.

"हे घरात नको," ते म्हणाले.

"दादा, हे वरातीसाठी नाही. मी यावर रचना करतेय."

"कशावर काय करायचं ते कर. हे घरात नको."

"का, ते एकदा सांगा तरी."

ते खाली बसले. मग इतकी वर्षं न सांगितलेलं त्यांनी सांगितलं. "माझा बाप वरातीपुढं उलटा चालायचा. नवरदेवाला पाठ दिसू नये म्हणून तोंड घोड्याकडं, आणि मागं मागं चालत वाजवायचं. एकदा खड्ड्यात पाय गेला. पडला. लोक हसले, आणि कुणीतरी म्हणालं, पडल्या पडल्या वाजीव. त्यानं वाजवलं. मी बघत होतो. धर्मांतराच्या साली त्यानं हलगीचं चामडं फाडून तिचं कडं विहिरीत टाकलं. गावानं त्याला पुढं वर्षभर कामावर घेतलं नाही. पण तो पुन्हा कुणापुढं चालला नाही. आणि आता तू ती घरात आणतीस?"

माझ्याकडे उत्तर होतं, आणि ते मी दिलं. "त्यांनी हलगी टाकली कारण त्यांना लोक वाजवायला लावत होते. मला कुणी लावत नाही. मी माझ्या मनानं वाजवतेय. बसून वाजवीन."

"लोक बसू देत नसतात," दादा म्हणाले. "आज रचना म्हणशील. उद्या तेच लोक म्हणतील, जरा फुडं होऊन वाजीव."

आई मध्ये पडली नाही. ती दाराला टेकून उभी होती. मी बॅग भरली आणि शेवटच्या एसटीनं नगरला परत आले. दादा चुकीचे नव्हते. मीही चुकीची नव्हते. असलं भांडण मिटवता येत नाही. मी घरी जात राहिले, जेवत राहिले, पण माझ्या कामाबद्दल दादांनी विचारणं बंद केलं, आणि मी सांगणं.

रचना करायला मला वर्ष लागलं. कल्पना साधी होती. हलगी तापवून मांडीवर घ्यायची, सावकाश एकेक ठोका द्यायचा, आणि ती थंड होईल तसतसा उतरणारा सूर दोन ठोक्यांच्या मध्ये क्लॅरिनेटनं धरून लूपरमध्ये घेत जायचा. हलगी पुरती सैल पडली की रचना संपली. थंडीत ती लवकर संपायची. मे महिन्यात संपायचं नावच घ्यायची नाही. साउंडवाला म्हणायचा, "लोकांना वेळ काय सांगायची?" मी म्हणायचे, "सांगायची नाही." त्यानं डिसेंबरात एक रेकॉर्डिंग केलं आणि मला न विचारता इंटरनेटवर टाकून दिलं. मी त्याला शिव्या घातल्या. पण त्याच रेकॉर्डिंगमुळे पुण्याहून फोन आला.

एका संगीत महोत्सवाच्या संयोजक बाई बोलत होत्या. आवाज गोड, बोलणं आदबीचं. "ताई, तुमचं हलगीचं ऐकलं. फार वेगळं आहे. आम्हाला तुम्ही हव्या आहात. लोककलेच्या सत्रात घेतोय. नऊवारी आणि कपाळाला मळवट असं पारंपरिक रूप ठेवू, मेकअपची व्यवस्था आमची. आणि सुरुवातीला एक कडक ठेका होऊ दे, म्हणजे प्रेक्षक पकडले जातात."

"मी लोककलावंत नाही," मी म्हणाले. "संगीतकार आहे. पँट-शर्टमध्ये येईन. ठेका नाहीये त्यात."

"हो, हो, ते कळलं. पण प्रेक्षकांना समजायला सोपं जातं हो. शेवटी तुमच्या समाजाची परंपरा आहे ती."

"आमच्या समाजाची परंपरा ती टाकून देण्याची आहे," मी म्हणाले. "मी ती माझ्या हिमतीवर परत उचललीय. मळवट भरून नाही."

मग त्या म्हणाल्या, "बरं, तुम्ही म्हणाल तसं." मला वाटलं, विषय संपला.

पुण्याला आम्ही साउंडवाल्याच्या टेम्पोतून गेलो. सभागृहाच्या दाराशी मोठा फ्लेक्स होता. माझ्या नावाखाली छापलं होतं: पारंपरिक हलगीवादन. शेजारी कुणातरी भलत्याच बाईचं चित्र, कमरेला हलगी, नाचण्याच्या पवित्र्यात. मी फ्लेक्ससमोर उभी राहिले. साउंडवाल्यानं माझ्याकडे बघितलं आणि टेम्पोतून काळी इन्सुलेशन टेप आणून माझ्या हातात दिली. मी ते दोन शब्द झाकले. चित्रही झाकलं, त्याला बरीच टेप लागली. एका कागदावर मार्करनं "नवी रचना: क्लॅरिनेट आणि हलगी" लिहून वर चिकटवलं.

संयोजक बाई धावत आल्या. "अहो ताई, हा काय प्रकार?"

"चूक दुरुस्त केली."

"असं कसं करता तुम्ही? प्रायोजकांचा फ्लेक्स आहे हा!"

"मग माझं नावही झाकते. वाजवायचं नसेल तर आत्ता सांगा, टेम्पो उभाच आहे."

त्यांनी इकडे तिकडे बघितलं. लोक जमायला लागले होते. "वाजवा," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मग वेगळीच पंचाईत. आत आग पेटवायला परवानगी नव्हती. हलगी तापवायची कशी? माझ्यासाठी ठेवलेल्या मेकअपच्या खोलीत एक मुलगी माझी वाट बघत बसली होती, समोर नऊवारी घडी घालून ठेवलेली. मी म्हटलं, "साडी राहू दे. तुझ्याकडचा हेअर ड्रायर दे." तिनं दिला, आणि स्वतः हलगी धरून उभी राहिली. चामडं चांगलं ताणलं गेलं. ती म्हणाली, "आज पहिल्यांदा माझं काम झटपट झालं."

मी रंगमंचावर खुर्चीत बसले. पहिला ठोका दिला आणि पहिला सूर धरला. मागच्या बाजूनं चार-पाच पोरं ओरडायला लागली, "ठेका! ठेका धरा!" मी पुढचा ठोका देण्याआधी मुद्दाम जास्त थांबले. पोरं परत ओरडली. मी अजून थांबले. त्या शांततेत त्यांचाच आवाज त्यांना ऐकू आला असावा, कारण ती बसली. एसी जोरात होता म्हणून हलगी भराभर उतरत होती, क्लॅरिनेट तिच्या मागे, कधी केसभर वर, कधी खाली, आणि मधली ती लाट सभागृहात फिरत होती. काही लोक उठून गेले. बरेच बसले. शेवटी हलगीचा आवाज नुसता थप्प असा येऊ लागला, कणकेवर हात मारल्यासारखा. मी थांबले. टाळ्या पडल्या, कडकडाट वगैरे नाही, पण विचार करून वाजवलेल्या.

त्या महोत्सवानं मला पुन्हा बोलावलं नाही. पण त्या दिवशी बसून राहिलेल्यांपैकी काहींनी नंतर फोन केले, आणि त्यातून मला पुढची कामं मिळत गेली. दूरच्या शहरांतली, छोट्या खोल्यांतली, जिथे लोक जमिनीवर बसून ऐकतात. माझं नाव मोठं झालं नाही. पण प्रचाराची गाणी करणं मी सोडू शकले.

मग परवाच्या जयंतीची गोष्ट. आमच्या वस्तीतल्या जयंती समितीत आता तरुण पोरं आहेत. डीजेवर पोलिसांची बंधनं आली, म्हणून त्यांनी ठरवलं की यंदा मिरवणुकीपुढं ताईला हलगी घेऊन चालवायचं. "आपल्या वस्तीची पोरगी हाय, पुन्यात गाजली." त्यांनी मला समाजमंदिरात मीटिंगला बोलावलं. दादा जुने सदस्य म्हणून कोपऱ्यात बसले होते. मी येणार हे त्यांना माहीत नव्हतं.

पोरांनी कल्पना मांडली. मी म्हणाले, "नाही."

"ताई, आपलीच मिरवणूक हाय. दुसऱ्याची थोडीच?"

"आपली असली तरी नाही. मी हलगी घेऊन कुणाच्याच पुढं चालणार नाही. ऐकायचं असेल तर इथं या हॉलमध्ये वाजवते. तुम्ही समोर बसा. मध्ये बोलायचं नाही, नाचायचं नाही."

"लोक थांबतील का ताई?" एकानं काळजीनं विचारलं.

"नाही थांबले तर जातील."

एक म्हातारे सदस्य तापले. "हलगी? हितं? आमच्या बापानी ती टाकली ती काय उगीच?" ते दादांकडे वळले. "तुमी सांगा हिला. तुमचा बाप तर—"

सगळे दादांकडे बघायला लागले. मीही. दादा कोपऱ्यातून उठून उभे राहिले. मग म्हणाले, "माझ्या बापाला कुणी बसू दिलं नव्हतं. ही बसून वाजवणार म्हणते. तिला खुर्ची द्या."

म्हातारे सदस्य उठून बाहेर गेले. बाकीच्यांनी हात वर केले. ठराव झाला.

जयंतीच्या आदल्या संध्याकाळी मी वाजवलं. उन्हाळा होता, हलगी थंड व्हायचं नाव घेईना. पोरं घामानं निथळत होती. लहान मुलं आत-बाहेर करत होती, कुणीतरी माठातलं पाणी फिरवत होतं. आई पहिल्या रांगेत पदर सावरून बसली होती आणि कुणी कुजबुजलं की वळून बघायची, तेवढ्यानं लोक गप्प व्हायचे. दादा शेवटपर्यंत बसले. वाजवून झाल्यावर ते पुढे आले. मला वाटलं, काही बोलणार नाहीत.

"मधे तू दोनदा घाई केलीस," ते म्हणाले. "हलगी वर होती अजून, आणि क्लॅरिनेट आधीच खाली आली."

"ती मुद्दाम आली खाली."

"मुद्दाम असेल. पण घाई वाटली."

आम्ही त्यावर घरी जाईपर्यंत भांडलो. जेवताना भांडलो. आई म्हणाली, "गप जेवा दोघं." मला इतकं बरं किती दिवसांत वाटलं नव्हतं. त्यांनी सूर ऐकला होता, आणि संगीतकारानं संगीतकाराशी घालावा तसा वाद माझ्याशी घातला होता. मी माझं म्हणणं सोडलं नाही. ती जागा मी बदलली नाही, अजूनही तशीच वाजवते.

सकाळी समितीतला एक पोरगा सतरंज्या उचलायला आला होता. तो म्हणाला, "ताई, आवडलं लोकांना. पुढच्या साली फकस्त जरा छोटं करा. अन् शेवटाला एखादं गानं टाका."

"नाही," मी म्हणाले.

तो हसला, सतरंजीची गुंडाळी खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "मला वाटलंच हुतं."

मी नगरची गाडी पकडली. साउंडवाल्याचा मेसेज आला होता: एका शेतकऱ्याच्या कोरड्या विहिरीत माइक सोडायची परवानगी मिळालीय, दोर आणि दोन केबल घेऊन ये. मी स्टँडवर उतरून आधी दोर घ्यायला गेले.